‘टाइम’ : बोलण्यातला आणि स्टॅम्पपेपरवरचा

वाचकांच्या या वेळच्या प्रश्नांत ‘टाइम’ हा शब्द सारखा येत होता, म्हणून ते प्रश्न एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न भाषेचे आहेत, काही सरळ पैशाचे आणि जमिनीचे. प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न (बेसा) : लेआउटमधल्या प्लॉटचा सौदा केला. बयाणापत्र इंग्रजीत आहे आणि त्यात ‘टाइम इज द एसेन्स ऑफ धिस काँट्रॅक्ट’ असं वाक्य आहे. विक्रीपत्राची तारीख ३० सप्टेंबर ठरली. विकणाऱ्याने आर.एल.चा (प्लॉटच्या ‘रिलीज लेटर’चा, म्हणजे तो नियमित झाल्याचा) कागद अजून आणलेला नाही. तारीख उलटली तर बयाणा बुडतो का? अर्जनवीस म्हणाला, हे वाक्य सगळ्याच कागदांत असतं, मनावर घेऊ नका.

अर्जनवीस अर्धं बरोबर बोलला. वाक्य सगळ्या कागदांत असतं, पण मनावर घ्यायला हवं.

बोलण्यातल्या इंग्रजीत या वाक्याचा अर्थ ‘घाई करा, वेळ थोडा आहे’ एवढाच. करारात त्याचा अर्थ असा की तारीख पाळणं ही सौद्याची मूळ अट आहे. ती एकाने चुकवली तर दुसऱ्याला सौदा रद्द करता येतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ मध्ये हा विषय तीन भागांत आहे. वेळ हे सार असेल आणि ती चुकली, तर समोरच्याच्या इच्छेवर करार रद्द होऊ शकतो. वेळ सार नसेल, तर करार टिकतो, उशिराने झालेली नुकसानभरपाई मात्र मागता येते. तिसरा भाग लोक वाचतच नाहीत : सौदा रद्द करता येत असतानाही तुम्ही उशिराची पूर्तता स्वीकारली आणि ती स्वीकारताना ‘भरपाईचा हक्क राखून ठेवतो’ असं कळवलं नाही, तर भरपाईही जाते.

आता प्लॉटची गोष्ट. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत वेळ हे सार आहे असं गृहीत धरलं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चांद राणी विरुद्ध कमल राणी या १९९३ च्या निकालात सांगितलं. नुसतं ते ठरीव वाक्य छापलेलं असणं पुरत नाही. बाकीच्या अटी आणि दोघांचं वागणं बघितलं जातं. पण त्याच खटल्यात निकाल खरेदीदाराच्या विरुद्ध गेला, हे लक्षात ठेवा. तिथे ९८,००० रुपये दहा दिवसांत द्यायचे होते, आणि ‘ओन्ली’ हा शब्द रकमेलाही लावला होता, दहा दिवसांनाही. त्या दोन ‘ओन्लीं’ना न्यायालयाने महत्त्व दिलं. म्हणून बयाणापत्र वाचताना त्या गाजलेल्या वाक्यापाशी थांबू नका. ‘ओन्ली’, ‘फेलिंग व्हिच’, ‘शॅल स्टँड कॅन्सल्ड’ हे शब्द कुठे आहेत ते शोधा. खरा दंश तिथे असतो.

तुमच्या सौद्यात आणखी एक मुद्दा आहे. आर.एल. आणणं हे विकणाऱ्याचं काम, आणि तो कागद आल्यावर उरलेली रक्कम देणं हे तुमचं, असा क्रम बयाणापत्रात लिहिलेला असेल, तर त्याचं काम अडल्यावर ‘तुम्ही तारीख चुकवली’ असं तो म्हणू शकत नाही. क्रम लिहिलेलाच नसेल, तर मात्र वादाला जागा राहते. त्यामुळे ३० सप्टेंबरची वाट न बघता आत्ताच हे करा.

आधी पोच मिळेल अशा पोस्टाने पत्र पाठवा : आर.एल. अजून मिळालेलं नाही, उरलेली रक्कम तयार आहे, कागद मिळताच ठरलेल्या तारखेला विक्रीपत्र करायला आम्ही तयार आहोत. रक्कम खरोखर तयार ठेवा आणि त्या आठवड्याचं बँकेचं स्टेटमेंट किंवा कर्जमंजुरीचं पत्र जपून ठेवा. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६(क) प्रमाणे ‘तयार आणि राजी’ असणं सिद्ध करावं लागतं, आणि फार दावे इथेच कोसळतात. राजी सगळेच असतात, पण पैसा तयार नसतो. तारीख वाढवायचं ठरलं, तर दोघांच्या सहीने लेखी वाढवा आणि नवी तारीख आकड्यात लिहा. फोनवर ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणं म्हणजे मुदतवाढ नव्हे.

आणि एक. दावा लावायला ठरल्या तारखेपासून तीन वर्षं आहेत (मुदत अधिनियम, १९६३, अनुच्छेद ५४), म्हणून निवांत बसू नका. के. एस. विद्यानादम विरुद्ध वैरवन (१९९७) या खटल्यात खरेदीदार अडीच वर्षं गप्प बसला, दरम्यान भाव तिपटीने चढले, आणि दावा तीन वर्षांच्या आत असूनही विक्रीपत्र करून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. रिंग रोडच्या पलीकडे जमिनीचे भाव कसे पळतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रश्न (महाल) : नात्यातल्या एकाला हातउसने दोन लाख दिले होते. आता तो म्हणतो, ‘टाइम-बार्ड’ झालं, देणं संपलं. खरंच संपतं का?

देणं संपत नाही. कोर्टात जाऊन वसूल करण्याचा मार्ग बंद होतो. हा फरक बारीक वाटला तरी पैशाचा आहे : अशा माणसाने उद्या स्वतःहून पैसे परत केले, तर ‘मुदत संपली होती, माझे मला द्या’ असं त्याला म्हणता येणार नाही. (जमिनीच्या ताब्याचं मात्र वेगळं आहे, तिथे मुदत अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे हक्कच संपतो.)

मुदत कुठून मोजायची, इथे बहुतेकांचा घोळ होतो. ‘त्याने नाही म्हटलं तेव्हापासून तीन वर्षं’ असा समज घट्ट बसलेला आहे. परतीची तारीख ठरवली नसेल आणि ‘मागाल तेव्हा देईन’ असं असेल, तरी तीन वर्षं पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जातात. मागणीच्या दिवसापासून नाही. परतीची तारीख कागदावर ठरली असेल, तर साधारणपणे त्या तारखेपासून. करोनाकाळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मोजणीतून वगळला होता. तेव्हा मुदत चालू असलेल्या उसनवारीची शिल्लक मुदत १ मार्च २०२२ पासून पुढे धरायची. आणि त्या काळात संपणाऱ्या मुदतीला किमान ९० दिवस मिळाले होते. म्हणून ‘२०१८ ची उसनवारी म्हणजे २०२१ ला संपली’ असं बोटांवर मोजू नका, आधी तारखा कागदावर मांडा.

मुदत अजून चालू असेल, तर समोरच्याकडून एक ओळ लिहून सही घ्या : ‘आपले माझ्याकडे येणे बाकी आहे.’ मुदत अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. रक्कम लिहिली नसली तरी चालतं, ‘सध्या देणार नाही’ असं खाली लिहिलं असलं तरी चालतं. त्याने थोडी रक्कम चेकने दिली, तर कलम १९ प्रमाणे त्या दिवसापासूनही मुदत नवी होते. रोख दिली आणि त्याच्या अक्षरात किंवा सहीत काहीच नसेल, तर उपयोग नाही.

मुदत उलटली असेल, तर मात्र नुसती कबुली पुरत नाही, इथेच लोक फसतात. आता हवं ते करार अधिनियमाच्या कलम २५(३) मधलं : देण्याचं नवं, लेखी, सही केलेलं वचन. ‘येणे बाकी आहे’ नव्हे, ‘मी देईन’. पूर्ण रकमेचंच असावं असंही नाही. अधिनियमातल्या उदाहरणात हजारांच्या मुदतबाह्य देण्यापोटी पाचशेचं वचन वैध धरलं आहे.

‘उशीर माफ करा’ असा अर्ज (मुदत अधिनियमाचं कलम ५) अपिलांना आणि अर्जांना चालतो, दाव्याला चालत नाही. शिवाय समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला तो स्वतः बघावाच लागतो, कलम ३ तसं सांगतं. नात्यातला माणूस गप्प बसेल, या भरवशावर उशिरा दावा लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न (धंतोली) : आमच्या अपार्टमेंटच्या कागदात ‘द सेक्रेटरी फॉर द टाइम बीइंग’ आणि ‘एनी लॉ फॉर द टाइम बीइंग इन फोर्स’ असं आहे. एका सभासदाने मराठी केलं : ‘तात्पुरता सचिव’ आणि ‘सध्या लागू असलेला कायदा’. भांडण तिथूनच सुरू झालं.

भांडण होणारच होतं. ‘फॉर द टाइम बीइंग’चा रोजचा अर्थ ‘सध्यापुरतं’ : पाहुणे आले, फॉर द टाइम बीइंग गादी हॉलमध्ये टाकू. कायद्याच्या कागदात तो अर्थ नसतो. ‘सेक्रेटरी फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे त्या त्या वेळी जो कोणी सचिवपदावर असेल तो. आजचे सचिव गेले, उद्या दुसरे आले, तरी अधिकार पदाबरोबर चालत राहावा, बँकेत आणि कोर्टात दर वेळी नवा कागद करावा लागू नये, यासाठीच हा शब्दप्रयोग घालतात. ‘तात्पुरता सचिव’ म्हटलं की नेमका उलटा अर्थ होतो : रीतसर निवडून आलेल्याला अधिकार नाही, हंगामी माणसाला आहे!

दुसरंही तसंच. शासकीय मराठी अनुवादांत यासाठी ‘त्या त्या वेळी अंमलात असलेला कायदा’ असं रूढ आहे, आणि ते ‘त्या त्या’ फार मोलाचं आहे. त्यामुळे सर्वसाधारणपणे पुढे होणारे बदल आणि नवे कायदेही त्यात येतात. ‘सध्या लागू’ म्हटलं की कागद झाला त्या दिवसाचा कायदा तेवढा गोठतो. अमुक दिवसाचाच कायदा धरायचा असेल, तर तारीख घालून तसं स्पष्ट लिहा. कागदाचं मराठी करून सभासदांना वाटणार असाल, तर त्याच पानावर एक ओळ टाका की मतभेद झाल्यास मूळ इंग्रजी मजकूर धरला जाईल.

प्रश्न (सीताबर्डी) : ‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’ यांत काय फरक? चेक परत आलाय, वकील म्हणतात नोटीस ‘इन टाइम’ गेली पाहिजे.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या ठोक्याला : गाडी साडेनऊला म्हणजे साडेनऊला. ‘इन टाइम’ म्हणजे मुदत संपायच्या आत, पहिल्या दिवशी किंवा शेवटच्या. वकिलांना दुसरा अर्थ हवा आहे, आणि चेकच्या प्रकरणात तो दिवसादिवसाने मोजला जातो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ आणि १४२ प्रमाणे मोजणी अशी.

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो तुम्हाला २ मे रोजी मिळाला असं धरा. तो दिवस सोडून ३० दिवस मोजा : शेवटचा दिवस १ जून. त्या दिवसापर्यंत मागणीची नोटीस पोस्टात पडलेली हवी. समोरच्याला ती ५ जूनला मिळाली. तो दिवस सोडून त्याला १५ दिवस, म्हणजे २० जूनपर्यंत. पैसे आले नाहीत, तर २१ जूनला तक्रारीचं कारण उभं राहतं. २१ जून सोडून एक महिना, म्हणजे २१ जुलैपर्यंत तक्रार दाखल झाली पाहिजे. हा महिना कॅलेंडरचा असतो, ३० दिवसांचा नव्हे. २१ जूनच्या आधीच तक्रार टाकली, तर तीही चालत नाही. घाईनेही केस पडते.

शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर उघडल्या दिवशी तक्रार देता येते. ही सवलत नोटिशीला आहे असं धरून चालू नका. नोटीस पोस्टात टाकायची असते, कोर्टात नाही, तेव्हा रविवार आणि दिवाळी तुमच्या हिशेबात आधीच धरा. तक्रारीला उशीर झाला आणि कारण पटण्याजोगं असेल, तर न्यायालय तो माफ करू शकतं; नोटिशीच्या ३० दिवसांना तशी तरतूद नाही. मेमो कोणत्या दिवशी हातात पडला याचा पुरावा म्हणून बँकेचा एसएमएस किंवा पोच जपा.

प्रश्न (रामदासपेठ) : अनुवादाच्या परीक्षेची तयारी करते आहे. ‘टाइम’च्या वाक्प्रचारांत कुठे चुका होतात?

नेहमीचे सापळे सांगतो. ‘टाइम-सर्व्हर’चा तुरुंगाशी काही संबंध नाही, वारा येईल तशी पाठ फिरवणारा, संधिसाधू माणूस, असा त्याचा अर्थ. तुरुंगात असणं म्हणजे ‘डूइंग टाइम’ किंवा ‘सर्व्हिंग टाइम’. बातमीत ‘टाइम सर्व्ह्ड’ आलं, तर ते खटल्याआधी किंवा खटल्यादरम्यान कोठडीत काढलेल्या दिवसांबद्दल असतं. आपल्याकडे ते दिवस शिक्षेतून वजा होतात. आधी ही तरतूद दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. तिथे ‘वजावट’ लिहा, ‘वेळ सेवा केली’ लिहू नका. (असं लिहिलेल्या उत्तरपत्रिका असतात.)

‘बिहाइंड टाइम’ म्हणजे उशिरा. ‘बिहाइंड द टाइम्स’ म्हणजे जुन्या वळणाचा. ‘ॲट अ टाइम’ म्हणजे एका वेळी. ‘ॲट वन टाइम’ म्हणजे एके काळी. ‘इन गुड टाइम’ म्हणजे वेळेच्या आधीच. ‘ऑल इन गुड टाइम’ म्हणजे धीर धर, होईल. ‘इट्स हाय टाइम’च्या पुढे क्रियापद भूतकाळी येतं, ‘इट्स हाय टाइम वुई लेफ्ट’, पण मराठीत भूतकाळ आणू नका : ‘आता निघायलाच हवं.’ ‘टाइम अँड अ हाफ’ म्हणजे दीडपट मजुरी, दीड वेळ नव्हे. ‘टू-टाइमिंग’ म्हणजे एकाच वेळी दोघांना फसवणं. आणि ‘टाइमपास’ आपला. लंडनच्या माणसापुढे वापरलात तर तो नुसता बघत राहील.

प्रश्न (काटोल) : शेजाऱ्याने धुऱ्यावरची वाट अडवली. आमच्या अर्जात ‘फ्रॉम टाइम इममेमोरिअल’ वाट वापरतो असं लिहिलं आहे. एवढं पुरेल का?

पुरणार नाही. बोलण्यात याचा अर्थ ‘अनादि काळापासून’, म्हणजे कोणालाच आठवत नाही तेव्हापासून. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मात्र त्याला तारीख होती : १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून ‘कायदेशीर आठवणी’ची हद्द ११८९ ला, पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाला, बांधली गेली. त्या आधीचं ते ‘इममेमोरिअल’. काटोलच्या वाटेला रिचर्डचा उपयोग नाही.

तुम्हाला लागतात ती २० वर्षं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ सुरुवातीपासूनच मध्य प्रांताला, म्हणजे नागपूर भागाला, लागू होता. त्याच्या कलम १५ प्रमाणे वाट शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षं वापरलेली हवी, आणि ही २० वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवीत. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं. ‘हक्क म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे. दर हंगामात शेजाऱ्याला विचारून जात होतात असं साक्षीत निघालं, तर ती परवानगी ठरते आणि हक्क उभाच राहत नाही.

अर्जात ‘अनादि’ऐवजी हे लिहा : दोन्ही शेतांचे गट नंबर, वाट कुठून कुठे जाते, रुंदी किती, त्यावरून बैलबंडी जाते की ट्रॅक्टर, कोणत्या सालापासून, आणि कोणत्या तारखेला अडवली. तारीख सर्वांत आधी. कारण तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा काढून घ्यायचा असेल, तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. ते उलटले, तर दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. गावातली म्हातारी माणसं साक्षीला घ्या, पण ती ‘पहिल्यापासून’ म्हणतील. त्यांच्याकडून एखादी खूण काढून घ्या, विहीर खोदली ते साल, लग्नाचं साल.

प्रश्न (मनीषनगर) : भाडेकरारात ‘मेंटेनन्स ॲज रिव्हाइज्ड फ्रॉम टाइम टू टाइम’ असं आहे. घरमालकाने आठ महिन्यांत दोनदा वाढवला. हे चालतं का?

‘फ्रॉम टाइम टू टाइम’ म्हणजे अधूनमधून नव्हे, ‘गरज पडेल तेव्हा, कितीही वेळा’. एकदा वापरला की अधिकार संपत नाही. कायद्याने दिलेल्या अधिकारांबद्दल सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चं कलम १४ हेच सांगतं, आणि करारातही हे शब्द त्याच अर्थाने वाचले जातात. तुम्ही त्यावर सही केली आहे, त्यामुळे आत्ताच्या वाढीला हरकत घ्यायची तर एकच धागा आहे : ‘रिव्हाइज्ड’ कोणी केला? अपार्टमेंटच्या सभेने वाढवला असेल, तर ठरावाची प्रत मागा. मालकाने स्वतःच्या मनाने वाढवला असेल, तर करारात तो अधिकार त्याच्या नावाने दिला आहे का ते बघा. नूतनीकरणाच्या वेळी हे चार शब्द काढून तिथे लिहून घ्या : ‘अकरा महिन्यांत जास्तीत जास्त एकदा, अपार्टमेंटच्या ठरावाइतकीच वाढ, आणि तीही ३० दिवस आधी लेखी कळवून.’